'डिसेमिनेट' म्हणजे नेमकं काय? बोर्डावर कागद डकवला की झालं का?

धूळवाफ

नमस्कार मंडळी. इंग्रजीचे जाणकार इथं बरेच आहेत म्हणून विचारतो. माहिती अधिकार कायदा इंग्रजीतून वाचायला घेतलाय. कलम ४ मध्ये एक शब्द सारखा आडवा येतो: डिसेमिनेट. डिक्शनरीत 'प्रसार करणे, फैलावणे' एवढंच दिलंय. त्यानं समाधान होईना, कारण त्याच कलमात 'पब्लिश' आहे, 'प्रोव्हाइड'ही आहे. कायदा लिहिणारा एकाच पानावर तीन तीन शब्द हौस म्हणून घालत नसणार.

आता हे का विचारतोय ते. आमच्या पंचायतीच्या व्हरांड्यात (बेळगाव तालुका, पश्चिम भाग) काचेचं कपाट आहे, तोच सूचना फलक. त्याला कुलूप, आणि किल्ली कुणाकडं असते ते देवाला ठाऊक. आत कागदावर कागद, सगळे कन्नडमध्ये. वरचा कागद उन्हानं पिवळा पडून गुंडाळी झालेला, त्याखालचा अर्धा झाकलेला. रस्ता रुंदीकरणाला हरकती मागवणारी नोटीस त्यातच होती. गावाला कळलं ते मुदत उलटल्यावर. विचारायला गेलो तर उत्तर, "बोर्डावर लावलंय की. प्रसिद्ध झालंय."

प्रसिद्ध झालं असेल. डिसेमिनेट झालं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

मास्तर_टिळकवाडी

प्रश्न चांगला काढलात. आयुष्य इंग्रजी शिकवण्यात गेलं, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

शब्द लॅटिनचा. 'सेमेन' म्हणजे बी, त्यावरून 'सेमिनारे' म्हणजे पेरणे. त्याला 'डिस' लागलं, म्हणजे चहूकडे. चहूकडे बी टाकत जाणे असा मूळ अर्थ. 'सेमिनार'सुद्धा त्याच घराण्यातला, मूळ 'सेमिनारिअम' म्हणजे रोपं तयार करायची जागा, आपल्याकडच्या भाषेत तरवा टाकायचा वाफा. परिसंवादात पेंगणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता वापर. डिसेमिनेट करायची वस्तू कोणती? माहिती, ज्ञान, विचार, संशोधनाचे निष्कर्ष. अफवाही चालते. ऐकणारे मात्र पुष्कळ हवेत. भावाला फोन करून बातमी सांगितली तर ते डिसेमिनेट होत नाही, तिथं 'टोल्ड' पुरे. 'डिसेमिनेट अबाउट' असं विद्यार्थी लिहितात, ते चूक. 'डिसेमिनेट इन्फर्मेशन टू द पब्लिक' किंवा 'अमंग फार्मर्स' हे बरोबर. आणि स्पेलिंगमध्ये 'एस' दोन, 'एम' एकच. उलट लिहिणारे पदवीधर मी पाहिलेत.

शेजारचे शब्द. 'सर्क्युलेट' म्हणजे ठरलेल्या वर्तुळात फिरवणे. शाळेत शिपाई नोटिशीचं रजिस्टर घेऊन वर्गावर्गात यायचा, आम्ही खडू खाली ठेवून सही करायची, तो पुढच्या वर्गात जायचा. ते सर्क्युलेट. किती जणांकडं गेलं हे सह्या मोजून सांगता येतं. डिसेमिनेटमध्ये अशी यादी नसते, ते सगळ्यांसाठी असतं. 'डिस्क्लोज' म्हणजे झाकलेलं उघडं करणे. 'डायव्हल्ज' म्हणजे जे सांगू नये ते सांगून टाकणे. 'इम्पार्ट' म्हणजे गुरूनं शिष्याला देणे.

'पब्लिश' आणि 'डिसेमिनेट' यांत फरक आहेच. पब्लिश केलं की तुमच्या हातून सुटलं. डिसेमिनेटमध्ये ते पसरायला हवं. पसरलं नाही तर क्रिया घडलीच नाही.

काय_गा

मास्तर, एक शंका. 'डिस' म्हटलं की उलटं नव्हं? डिस्कनेक्ट, डिसअॅग्री, डिसमिस. मग डिसेमिनेट म्हणजे पेरलेलं उपटून काढणं झालं की ओ! आमच्या पंचायतीत तर तेच करालेत.

मास्तर_टिळकवाडी

हसलो. पण शंका खरी आहे. 'डिस' दोन कामं करतो. एक उलटं करायचं: डिस्कनेक्ट, डिस्क्लोज. दुसरं वेगवेगळीकडं पांगवायचं: डिस्ट्रिब्यूट, डिस्पर्स, डिसेमिनेट. तुम्ही घेतलेला डिसमिस खरं तर दुसऱ्या गटातला, लॅटिनमध्ये तो 'दूर धाडणे'.

लॅबवाली

आमच्या रिपोर्टांवर हा शब्द रोज दिसतो, पण चांगल्या अर्थानं नाही. डिसेमिनेटेड टीबी म्हणजे फुप्फुसापुरता न राहता रक्तातून अंगभर पसरलेला क्षय. डीआयसी म्हणतात त्यातला 'डी' पण डिसेमिनेटेडच, त्यात रक्तवाहिन्यांत ठिकठिकाणी बारीक गुठळ्या होतात आणि गोठवणारे घटक खर्ची पडून दुसरीकडं रक्तस्राव सुरू होतो. पेशंटचे नातेवाईक 'डिसेमिनेटेड म्हणजे काय ताई' विचारतात तेव्हा मी 'सगळीकडं पसरलंय' एवढंच सांगते, पुढचं डॉक्टर सांगतात.

अंगभर पसरलेल्या क्षयाचा एक प्रकार 'मिलिअरी'. तोही लॅटिनच, 'मिलिअम' म्हणजे बारीक भरडधान्य. एक्स-रेवर दाणे विखुरल्यासारखं दिसतं म्हणून.

धूळवाफ

मास्तर, ताई, आभार. पेरणीचं वाचून बरं वाटलं, आमचा धंदाच तो. आमच्याकडं मे सरता सरता धूळवाफेवर भात पेरतात ते कुरीनं, ओळीत, ठरल्या अंतरावर. हातानं फोकून पेरणं वेगळं. मास्तरांचा डिसेमिनेट मला फोकण्याच्या बाजूचा वाटतो.

मास्तर_टिळकवाडी

बरोबर. आणि फोकून पेरण्याला इंग्रजीत शब्द आहे 'ब्रॉडकास्ट'. रेडिओ जन्मायच्या कितीतरी आधीचा, शेतातला. व्हॉट्सॅपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करणाऱ्या पोरांना हे माहीत नसतं. एवढं मात्र आहे की ब्रॉडकास्ट म्हटलं की आज आकाशवाणी, टीव्हीच डोळ्यापुढं येतात. डिसेमिनेटला साधनाचं बंधन नाही.

सुत्तोले

मी सरकारी कार्यालयात कन्नड-मराठी दोन्ही बाजूंचे कागद हाताळतो (कुठल्या ते सांगत नाही). आमच्याकडचे शब्द देतो, कारण बोर्डावर जे दिसतं ते कन्नडमध्ये असतं.

सुत्तोले म्हणजे सर्क्युलर. सुत्त म्हणजे भोवती आणि ओले म्हणजे पत्र, पूर्वीचं ताडपत्र. अधिसूचने म्हणजे नोटिफिकेशन, आपल्या 'अधिसूचना'चाच भाऊ. प्रकटणे म्हणजे जाहीर निवेदन. तिळुवळिके पत्र आलं तर घाबरू नका, कळवल्याचं पत्र ते. पसरवणे याला साधा कन्नड शब्द 'हरडु'.

आणि एक गंमत बघा. माहिती अधिकाराला कन्नडमध्ये म्हणतात 'माहिती हक्कु'. दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे. 'जाहीरातु' तसाच. 'वरदी' म्हणजे रिपोर्ट आणि 'वरदिगार' म्हणजे बातमीदार, मराठीत आपण ठाण्यात वर्दी देतो तीच ही वर्दी. बोर्डावरच्या कागदातले निम्मे शब्द कन्नड न येणाऱ्यालाही कळतील, लिपी वाचता आली तर.

निपाणी_नाका

लिपी वाचता आली तर. तिथंच तर घोडं पेंड खातंय.

काय_गा

आमच्या पोराला येते वाचायला, शाळेत कन्नड हाय. पण मुदत संपायच्या आधी पंचायतीत जाऊन बोर्ड वाचायला त्याला पाठवणार कोण? ते क्रिकेट खेळालाय.

कलम_३५०

वकिली करतो, म्हणून शब्दार्थाच्या पुढचं सांगतो. धूळवाफ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर डिक्शनरीत शोधायची गरजच नाही, ते कायद्यात लिहिलेलं आहे.

२००५ च्या कायद्यात कलम ४ ला शेवटी स्पष्टीकरण जोडलंय. पोटकलम (३) आणि (४) साठी 'डिसेमिनेटेड' म्हणजे जनतेला माहिती करून देणे किंवा पोचवणे. सूचना फलक, वृत्तपत्रं, जाहीर घोषणा, माध्यमांतलं प्रसारण, इंटरनेट किंवा अन्य कुठल्याही मार्गानं, आणि कार्यालयाची पाहणी करू देणं हेही त्यात धरलंय. म्हणजे सूचना फलक यादीत आहे, पंचायतीचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण यादी साधनांची आहे. क्रिया कुठली? जनतेला माहिती करून देणे. कुलूपबंद काचेत दुसऱ्या कागदाखाली दबलेली नोटीस कुणाला माहिती करून देते, हे त्यांनी सांगावं.

आता पोटकलमं बघा. (१)(ख) मध्ये सतरा बाबी आहेत: कार्यालयाची रचना, अधिकाऱ्यांची कर्तव्यं, पगार, अंदाजपत्रक, अनुदानं, वगैरे. त्या 'पब्लिश' करायच्या. (२) म्हणतं, आपण होऊन आणि नियमितपणे इतकी माहिती 'प्रोव्हाइड' करा की लोकांना अर्ज करायची वेळच कमीत कमी यावी. (३) म्हणतं, ही माहिती 'वाइडली', म्हणजे दूरवर, आणि लोकांना सहज मिळेल अशा स्वरूपात डिसेमिनेट करा. आणि (४) आपल्या कामाचं. डिसेमिनेट करताना खर्च, *स्थानिक भाषा* आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारी पद्धत विचारात घ्या.

'स्थानिक भाषा' लिहिलंय. 'राजभाषा' लिहिलेलं नाही.

निपाणी_नाका

वकीलसाहेब, शब्दांचे खेळ झाले. कर्नाटकात स्थानिक भाषा म्हणजे कन्नड, असं म्हणून ते मोकळे होणार. १९६३ चा राजभाषा कायदा आहे त्यांच्या हातात.

कलम_३५०

म्हणतील, आणि कायद्यात स्थानिक भाषेची व्याख्या नाही हेही खरं. पण त्याच कायद्याचं कलम ६(१) वाचा. नागरिकानं अर्ज कुठल्या भाषेत करायचा? इंग्रजी, हिंदी, किंवा त्या भागाची 'ऑफिशियल लँग्वेज'. म्हणजे लिहिणाऱ्याला राजभाषा हा शब्द माहीत होता, कलम ६ मध्ये त्यानं तो वापरला. कलम ४ मध्ये मुद्दाम दुसरा घेतला. एकाच कायद्यात दोन ठिकाणी दोन शब्द असतील तर अर्थही दोन असावेत, हा अर्थ लावण्याचा नेहमीचा मार्ग. मग 'त्या भागातली' स्थानिक भाषा येळ्ळूरला कुठली, खानापुरात कुठली? खानापूर तालुक्यात मराठी बोलणारे बहुसंख्य आहेत.

याचाच दुसरा अर्थ असा की माहिती अधिकाराचा अर्ज मराठीतून केला तर तो नाकारायला त्यांना जागा आहे. तिथं भावनेला बळी पडू नका. कन्नड किंवा इंग्रजीतच करा.

मास्तर_टिळकवाडी

'लोकल' आणि 'ऑफिशियल' हा भेद भाषेच्या अंगानंही पक्का आहे. लोकल म्हणजे जागेला चिकटलेलं. ऑफिशियल म्हणजे कचेरीनं ठरवलेलं. वकीलसाहेबांचं वाचन मला पटतं. निपाणीकरांची शंका कोर्टात टिकेल का हे मात्र मला सांगता येणार नाही, तो माझा विषय नव्हे.

डांगोरा

'जाहीर घोषणा' म्हणजे आपली दवंडी नव्हे का? आमच्या आजोबांच्या वेळी हलगी वाजवत गल्लीच्या तोंडाशी उभं राहून सांगायचे. कन्नडमध्ये त्याला डंगुर. आमच्या गावात अजून कुणी वारलं, देवीची पालखी निघायची असली, नळाला पाणी येणार नसलं की देवळाच्या स्पीकरवरून मराठीत सांगतात, आणि अर्ध्या तासात शिवारातल्या माणसालाही कळतं. कचरागाडीच्या स्पीकरवर ओला कचरा-सुका कचरा दिवसभर चाललेलं असतं. हरकतीची नोटीस तेवढी त्या स्पीकरला जड होते.

धूळवाफ

डांगोरा, हेच! कलमात 'त्या भागात सर्वांत परिणामकारक पद्धत' म्हटलंय. आमच्या भागात ती पद्धत कुठली, हे विचारायला तज्ज्ञ समिती नको. देवळाचा स्पीकर, तरुण मंडळांचे व्हॉट्सॅप ग्रुप, दूध डेअरीवरची सकाळची गर्दी. पंचायतीच्या व्हरांड्यात दाखला काढायला आल्याशिवाय कोण फिरकतं?

सुत्तोले

दुसरी बाजूही ऐका. खालच्या माणसाला वरून सुत्तोले येते, 'सूचना फलकावर लावून अनुपालन अहवाल पाठवा'. तो लावतो, मोबाइलवर फोटो काढतो, फोटो वर पाठवतो. फोटोत कागद दिसला की काम पूर्ण. मराठीत भाषांतर करायचं कुणी, त्याला मान्यता कुणाची, चुकलं तर जबाबदार कोण, हे कुणी लिहून देत नाही. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) कधी धारवाडचा असतो, कधी विजापूरचा, त्याला मराठी येत नाही. सगळाच दुष्टपणा नसतो, बराचसा फोटोपुरता कारभार असतो.

निपाणी_नाका

सुत्तोलेदादा, हे मान्य. पण निवडणुकीच्या वेळी मराठी पत्रकं छापायला भाषांतरकार कुठून मिळतात हो सगळ्यांना?

कलम_३५०

भाषांतराची जबाबदारी कुणी लिहून देत नाही म्हणता, तर तेही लिहिलेलं आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्रानं १९५६ साली जी संरक्षणं मांडली आणि १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत जी मान्य झाली, त्यात हे येतं: जिल्हा, तालुका किंवा नगरपालिका क्षेत्रात एखादी भाषा बोलणारे किमान १५ टक्के असतील तर महत्त्वाचे नियम, नोटिसा त्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात. हा कायदा नव्हे, कबुली आहे, कोर्टात कायद्याइतकी जोरदार नाही. पण घटनेच्या ३५० ख प्रमाणे भाषिक अल्पसंख्याक आयुक्त असतात, त्यांचं काम या संरक्षणांवर लक्ष ठेवून राष्ट्रपतींना अहवाल देणं. तिथं हा मुद्दा मांडता येतो.

आणि माझं टोपणनाव ज्यावरून घेतलंय ते कलम ३५०. गाऱ्हाणं मांडायचं निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देण्याचा हक्क. म्हणून हरकतीचं, तक्रारीचं निवेदन मराठीत बिनधास्त द्या, पोच घ्या. उत्तर मराठीत द्या अशी सक्ती त्या कलमात नाही, हेही ध्यानात ठेवा.

काय_गा

म्हणजे माहिती मागायची कन्नडमधून आणि रडायचं मराठीतून. बेस हाय.

धूळवाफ

आता अर्ज कसा लिहू? "आपण नोटीस डिसेमिनेट का केली नाही" असं विचारायचं मनात आहे.

कलम_३५०

'का' विचारू नका. माहिती अधिकारात कचेरीकडं असलेला कागद मिळतो, कारणमीमांसा नाही. 'का केलं नाही' म्हटलं की 'हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही' असं एका ओळीचं उत्तर येईल. कागद मागा. अमुक नोटीस जनतेपर्यंत पोचवण्यासाठी कोणकोणती साधनं वापरली त्याची नोंद. फलकावर लावल्याची तारीख आणि काढल्याची तारीख. वृत्तपत्रात दिली असल्यास कात्रण. ध्वनिक्षेपकाची किंवा डंगुराची सोय केली असल्यास खर्चाची पावती. नोटीस कोणकोणत्या भाषेत काढली त्या प्रत्येकीची प्रत. काहीच नसेल तर 'नोंद उपलब्ध नाही' असं लेखी येईल. आपल्याला तेच हवंय, ते हरकतीच्या निवेदनाला जोडता येतं.

कर्नाटकच्या नियमात दोन अटी आहेत. अर्ज एकाच विषयाचा हवा आणि १५० शब्दांच्या आत हवा. फी १० रुपये. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

निपाणी_नाका

आणि कलम ४ पाळलं नाही म्हणून दंड किती?

कलम_३५०

थेट दंड नाही. दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००, हा कलम २० चा दंड अर्जाला उत्तर न दिल्याबद्दल, चुकीचं दिल्याबद्दल वगैरे आहे. आपण होऊन माहिती पसरवली नाही याला तो लागत नाही. कायद्यातली मोठी फट आहे ही. माहिती आयोग कलम १९(८) खाली माहिती प्रसिद्ध करायचा आदेश मात्र देऊ शकतो.

निपाणी_नाका

तेच म्हणत होतो.

लॅबवाली

निपाणीदादा, फट आहे म्हणून अर्ज करायचा नाही असं थोडंच आहे. धूळवाफ, कन्नडमध्ये कुणी लिहून देणारं नसेल तर सांगा. आमच्या लॅबमधल्या एका मैत्रिणीचं अक्षर छान आहे, १५० शब्दांत बसवून देईल ती.

धूळवाफ

ताई, लाख मोलाचं बोललात. इनबॉक्समध्ये मसुदा पाठवतो.

अनगोळ_नाका

मधेच घुसतोय, माफ करा. शब्दांचंच चाललंय म्हणून विचारतो. इन्कम टॅक्सकडून ईमेल आलाय, 'इंटिमेशन अंडर सेक्शन १४३(१)'. बायको म्हणते नोटीस आली, वकील बघा. हे 'इंटिमेट' म्हणजे जवळीक ना? टॅक्सवाल्यांची माझ्याशी कसली जवळीक?

मास्तर_टिळकवाडी

स्पेलिंग एक, शब्द दोन. विशेषण 'इंटिमिट' म्हणजे निकटचा. क्रियापद 'इंटिमेट', शेवटी 'मेट' असा उच्चार करून, म्हणजे कळवणे. बाहेरच्या इंग्रजीत ते 'सूचकपणे सुचवणे' अशा अर्थानं जास्त चालतं, आपल्या कचेऱ्यांत सरळ 'कळवणे'. 'काइंडली इंटिमेट द सेम' आपण सगळ्यांनी लिहिलंय. सुत्तोलेंची वर्दी इथं चपखल बसते.

सुत्तोले

आणि वकील नको. तुम्ही भरलेलं रिटर्न त्यांनी तपासलं, त्याची ती वर्दी. तुमचे आकडे एका बाजूला, त्यांचे दुसऱ्या बाजूला दिलेले असतात. तळाची ओळ बघा. रिफंड किंवा शून्य असेल तर फाइलला लावून ठेवा. डिमांड असेल तर कुठला आकडा जुळत नाही ते शोधा, बहुतेक वेळा टीडीएसचा असतो.

अनगोळ_नाका

तळाला शून्य आहे. बायकोला सांगतो.

काय_गा

नुस्तं सांगू नका, डिसेमिनेट करा. सासुरवाडीपर्यंत नोटीस आल्याचं कळलं असंल आतापर्यंत.